एलिफंट पासची खिंड कुणी केली?

प्रश्न आलाय : ‘श्रीलंकेतल्या यादवीवरच्या मराठी लेखात एलिफंट पासला हत्तीखिंड म्हटलंय. ते बरोबर का? आणि खिंड व घाट यांत नेमका फरक काय?’

पहिल्याचं उत्तर : साफ चूक. (‘नागरी युद्ध’ न लिहिता ‘यादवी’ लिहिलंत, त्याबद्दल मात्र आभार.)

कोशात ‘पास’पुढे ‘खिंड’ छापलंय म्हणून जगातला प्रत्येक पास खिंड होत नाही. खिंडीला दोन्ही अंगांना डोंगर लागतो. इथं डोंगर सोडाच, धड टेकाडही नाही. जाफना द्वीपकल्प आणि दक्षिणेचा वन्नी प्रदेश यांच्यामधलं उथळ खारं पाणी, त्यावरून गेलेला ए-९ रस्ता, आजूबाजूला मिठागरं. वन्नीत धरलेले हत्ती या पाण्यातून चालवत द्वीपकल्पात आणायचे आणि कायट्स बंदरातून परमुलखात धाडायचे. ‘कायट्स’ हे नावही पोर्तुगिजांच्या ‘हत्तींचा धक्का’ या नावातलं. हत्ती गेले, धक्का राहिला. तमिळ नाव आनैयिरवु : आनै म्हणजे हत्ती, आणि ‘इर’ धातूचा जुना अर्थ पार जाणं. सिंहली अलिमंकड म्हणजेही हत्तींची वाटच.

मग मराठीत काय? उतार! रस्त्याचा, तापाचा, विषावरचा उतार सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. नदी पायी ओलांडता येते ती जागा हाही उतार. मोल्सवर्थच्या कोशात आहे. पाणी ओसरलं की नदी ‘पायउतार’ व्हायची. आता फक्त मंत्री होतात.

व्युत्पत्तीवाले लगेच ‘अवतार’कडे बोट दाखवतात : वरून खाली येणं. घाटरस्त्यापुरतं ठीक. नदीच्या उताराला ‘उत्तार’च हवा, पाण्यातून पलीकडे निघणं. त्याच ‘तॄ’ धातूचं तीर्थ : मुळात पाणी ओलांडायची जागा, देव तिथे मागाहून आले. हंबनतोटमधला सिंहली ‘तोट’ हा तीर्थाचाच सख्खा भाऊ. आणि एसटीतला ‘उतारू’ही मी याच काठाला बांधतो : तरीतून, म्हणजे नावेतून, पलीकडे जाणारा तो उतारू. ‘उतरतो म्हणून उतारू’ म्हणणाऱ्या पंडितांनी एवढंच सांगावं, जो नुकताच चढलाय आणि अजून चार तास खिडकी सोडणार नाही, तो उतारू कसा?

एका शब्दासाठी एवढा हट्ट का? कारण खिंड म्हटली की वाचकापुढे पावनखिंड उभी राहते आणि लढाईच उलटी समजते. जुलै १९९१मध्ये लिट्टेने, म्हणजे तमिळ बंडखोरांनी, इथल्या श्रीलंकेच्या लष्करी तळाला वेढा घातला, तेव्हा सपाट, उघड्या खारवट जमिनीवर आडोसा कुठला? म्हणून बुलडोझरला पोलादी पत्रे ठोकून तोच पुढे घातला. तळाला कुमक आली ती समुद्रातून, वेट्टिलैकेर्नीच्या किनाऱ्यावर. तिथून तळ गाठायला तिला अडीचेक आठवडे लागले. २०००मध्ये लिट्टेने समोरची धडक टाळली. मार्चमध्ये कुडारप्पूच्या किनाऱ्यावर होड्यांतून माणसं उतरवली (बघा, पुन्हा उतार), तळाच्या पाठीमागे इत्ताविलजवळ ए-९ अडवला आणि एप्रिलमध्ये इयक्कच्ची घेतलं. तळाला गोडं पाणी यायचं ते तिथूनच. मिठागराच्या कडेला, ऐन एप्रिलात, हजारोंच्या फौजेचं पिण्याचं पाणी तुटलं. २२ एप्रिलला तळ पडला. लष्कराने तो परत घेतला थेट जानेवारी २००९मध्ये.

तुमचा घाट राहिलाच. घाट म्हणजे डोंगर चढून उतरण्याची सबंध वाट, शिवाय नदीच्या पायऱ्या. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद फट. तेव्हा लेखकाला कळवा : हत्तीउतार.