ओटी म्हणजे ओव्हरटाइम नव्हे

*"माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. भोसरीत एका शॉपमध्ये पॉवर प्रेस चालवताना आठ महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. तीन महिने ईएसआयचे पैसे आले, मग डॉक्टरांनी फिट लिहून दिलं. ठेकेदार म्हणाला, प्रेसवर ये नाहीतर दुसरीकडे बघ. प्रेसचा आवाज ऐकला की हात थरथरतो, म्हणून आता एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन आहे. ड्रेसिंगला मुलगी बरोबर यायची. तेव्हापासून म्हणते, फिजिओ व्हायचंय. पाहुणे म्हणतात डी. फार्म करू द्या, लवकर कमावती होईल. हे तिचं भावनेच्या भरातलं तर नाही ना? आणि खर्च झेपेल का? माझं सोडा, झालं ते झालं. दवाखान्यात हाताला बांधायची स्प्लिंट दिली होती, ती पण माळ्यावर पडून आहे."*

— एक वडील, भोसरी

नमस्कार.

तुमचं 'माझं सोडा' सोडून बाकीच्या पत्राला उत्तर देता येतं का, ते दोन दिवस बघितलं. नाही येत. तुमच्या लेकीला जे शिकायचंय ते नेमकं तिथंच आहे, जिथं तुम्ही 'झालं ते झालं' म्हणालात. टाके निघाले, फिटनेस मिळाला, फाइल बंद झाली. पुढं हाताचं काय, कामाचं काय, हे कुणी विचारलं नाही. ते विचारणाऱ्यांचा एक वेगळा पेशा आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

तुम्ही प्रेसवर होतात, म्हणजे 'ओटी' म्हटलं की तुम्हाला ओव्हरटाइम आठवणार. दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिसरी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. लेकीनं 'फिजिओ' म्हटलं ते तो शब्द कानावरून गेलेला असतो म्हणून. तिनं निवड करण्याआधी हा दुसरा शब्दही ऐकायला हवा.

फरक तुमच्याच हातावर सांगते. फिजिओथेरपिस्ट सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, दुखणं यांवर काम करतो. ओटीवाला विचारतो, या हातानं तुम्हाला काय काय करायचंय? घास घेता येतो का? शर्टाचं वरचं बटण लागतं का? मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उरलेल्या दोन बोटांत नीट दाबला जातो का? पाना धरून नट आवळता येतो का? हाताच्या दुखापतीत दोघांची कामं एकमेकांत मिसळतात, पण सुरुवात वेगवेगळ्या प्रश्नानं होते. बोटाचा राहिलेला बुंधा कपडा लागला तरी झिणझिणतो, थंडीत ठणकतो. त्यासाठी आधी कापूस, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात घालून फिरवणं, असं करत त्या कातडीला स्पर्शाची सवय लावतात. नसलेलं बोट दुखत असेल तर आरशासमोर चांगला हात ठेवून मेंदूची समजूत घालायचा प्रयोग करतात. पकड किती किलोची आहे ते यंत्रावर मोजतात. मग कामाचा सराव येतो, आज एवढं वजन, पुढच्या आठवड्यात थोडं जास्त. काही ठिकाणी थेरपिस्ट कारखान्यात जाऊन हत्याराची मूठ जाड करायला सांगतो, बसायची जागा बदलायला सांगतो. प्रेसच्या आवाजानं हात थरथरतो, त्यावर काम करणं हाही या उपचाराचाच भाग आहे. ते थरथरणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. त्यासाठी समुपदेशकाचीही मदत घेतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे काही परदेशातून काल आलेलं फॅड नाही. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. दोनच वर्षांनी, 1952 साली, व्यवसायोपचारकांची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. तरी आज भोसरीतल्या कामगाराला हा शब्द माहीत नसतो. याचा मला राग येतो, पण तो तूर्त बाजूला ठेवते.

आता तुमच्या पैशांचं. करिअरच्या सदरात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण घरात हे पैसे आले तर लेकीचं शिक्षण सोपं होतं, म्हणून. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. ते तुम्हाला मिळाले. फिटनेस लिहून दिला की ते थांबतात, पण गोष्ट तिथं संपत नाही. कायमच्या हानीसाठी मेडिकल बोर्डापुढं जायचं असतं. कमाईची क्षमता किती टक्के घटली ते बोर्ड ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, हयात असेपर्यंत, तुम्ही दुसरीकडं नोकरी करत असलात तरी. कायद्याच्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर 20 टक्के धरलेत, अंगठा गेला तर 30. बोर्डाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, म्हणून विचारते: गेला होतात का? नसाल तर आयपी नंबर (तुमचा विम्याचा नंबर), अपघाताचा रिपोर्ट आणि डिस्चार्जचे कागद घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. ठेकेदाराला विचारायला जाऊ नका.

ती अनुसूची गेलेली बोटं मोजते. उरलेली तीन काय करू शकतात, हे तिच्यात कुठंच नाही. लेकीला पुढं हा पेशा घ्यायचा असेल तर हा फरक तिनं आत्ताच वहीत लिहून ठेवावा.

आणखी दोन आकडे. अपघातातल्या कायमच्या अपंगत्वामुळं विम्याखालची नोकरी सुटली, तर वर्षाला 120 रुपये भरून तुम्हाला आणि पत्नीला निवृत्तीच्या वयापर्यंत ईएसआयचे उपचार चालू राहू शकतात. पात्रता त्याच कार्यालयात विचारा. दुसरं, अटींत बसणाऱ्या अपंग कामगारानं नवं काम शिकायचं ठरवलं तर प्रशिक्षणाचं शुल्क किंवा दिवसाला 123 रुपये, यातलं जे जास्त ते देण्याची तरतूद आहे. 123 रुपयांत हल्ली मिसळ आणि जाण्यायेण्याचं भाडंही भागत नाही, पण तरतूद आहे हे माहीत असलेलं बरं.

आता लेकीकडं वळू.

बीपीटीएच म्हणजे फिजिओ, बीओटीएच म्हणजे ओटी, आणि तिसरा बीपीओ, म्हणजे कृत्रिम अवयव आणि स्प्लिंट-कॅलिपर बनवण्याचं शिक्षण. तिन्ही पदव्या चार वर्षांच्या, वर इंटर्नशिप. तिन्हींना बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, आणि महाराष्ट्रातला प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलमार्फत होतो. 'डॉक्टर व्हायचं नाही, मग नीट कशाला' म्हणून फॉर्मच न भरणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी कपाळावर हात मारते. फॉर्म भरा. यासाठी एमबीबीएसइतके गुण लागत नाहीत.

ओटीसाठी मुंबईत केईएम, शीव आणि नायर ही महापालिकेची कॉलेजं, आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधी लिहावं. जागा थोड्या आहेत, पण फी खासगीच्या मानानं फार कमी आणि पेशंट भरपूर. हाताचं काम पेशंटच्या हातावरच शिकायचं असतं. बीपीओसाठी मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. हा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतो, फिजिओ आणि ओटीची नोंदणी राज्याच्या परिषदेकडं होते. मशीनची, डायची, मापांची आवड लेकीनं तुमच्याकडून घेतली असेल तर बीपीओ नाकारू नका. तुमच्या पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र 1944 सालचं आहे, महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी उभारलेलं.

खर्चाबद्दल: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार 2024पासून पूर्ण भरतं. अट एकच लक्षात ठेवा, प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्तापासून काढायला घ्या. जुलैत तहसीलला रांग असते.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. ओटी झालेली बरीच मुलं-मुली आज लहान मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये जातात, कारण काम तिथं आहे. जखमी कामगारासाठीच्या जागा आपल्याकडं कमी. हाताच्या सर्जरीची युनिट्स, मोठी रुग्णालयं, काही मोठ्या कंपन्या, एवढंच. सुरुवातीचा पगार पाहुण्यांना सांगण्यासारखा नसतो. जर्मनीत 1884 सालच्या कायद्यापासून कामगारांचा अपघात विमा आहे आणि तिथलं तत्त्व असं, की आधी पुनर्वसन, मग पेन्शन. त्या विमा संस्था स्वतःची रुग्णालयं चालवतात. आपल्याकडं क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो, तोही पेन्शनपर्यंत पोहोचला तर. लेकीला हे काम करायचं असेल तर थोडी वाट तिलाच पाडावी लागेल. डी. फार्म केलं तर पगार लवकर सुरू होईल हे पाहुण्यांचं म्हणणं खरं आहे. पण पाच वर्षं घरचा गाडा चालणार असेल, तर घाईसाठी डी. फार्म करू नये, असं माझं मत.

राहिला भावनेचा प्रश्न. भावना आहेच. बापाचा हात बघून मुलीला काहीच वाटलं नसतं तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं. भावनेच्या मागं चिकाटी आहे का, एवढंच तपासायचं. या कामात कंटाळा फार असतो. तीच बोटं, तीच हालचाल, दिवसातून चाळीस वेळा, आणि महिन्याअखेर कोनात दहा अंशांचा फरक.

म्हणून असं करा. तुम्हाला ओटीकडं जायचंच आहे. आठ महिने झाले तरी आखडलेल्या हातात काही ना काही सुधारणा होऊ शकते. किती, ते तपासल्यावरच कळेल. ईएसआयच्या डॉक्टरांकडून हँड थेरपीची चिठ्ठी मागा, आणि परीक्षा आटोपल्यावर सहा आठवडे लेकीला बरोबर न्या. घरचे व्यायाम तिनं घ्यायचे, तारखेवार वही तिनं ठेवायची. सहाव्या आठवड्यात वही भरलेली असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिनंच दिलं असेल. दुसऱ्या आठवड्यातच कोरी राहिली असेल तर रागावू नका. मग मला पुन्हा लिहा, दुसरं काही बघू.

पहिल्या दिवशी जाताना माळ्यावरची स्प्लिंट उतरवून सोबत न्या. आता ती हाताला बसणार नाही. पण कुठं आणि किती बसत नाही, ते बघूनच थेरपिस्ट सुरुवात करेल.