पोच कुठे आहे, पोरी?

यवतमाळ जिल्हा
तान्हा पोळा, ऑगस्ट २०२५

प्रिय पोरी,

परवा दुकानात गर्दी होती, तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू प्लास्टिकच्या फाईलमधून प्रशिक्षणाचा दाखला काढला, त्यावरचं पावसाचं पाणी ओढणीच्या टोकानं टिपलं आणि म्हणाली, "काका, लॅमिनेशन करून द्या, पुढं कामी पडते." मी करून दिलं, वीस रुपये घेतले. तेव्हापासून ते वीस रुपये टोचताहेत.

सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत अकरा महिने तू ग्रामपंचायतीत बसली. महिन्याला दहा हजार मिळाले. आता मुदत संपली. ऑफिसातले म्हणतात, थांब, तुम्हाला कायम करणार आहेत. मैत्रीण म्हणते, चाकणला कारखान्यात चल. आई काही म्हणत नाही. आणि तू मला विचारलं, थांबू की जाऊ?

मी उलट विचारलं, थांब म्हणाले ते कागदावर आहे का? तू हसली. मला एकदम राग आला. तो तुझा नव्हता, पंचवीस वर्षांपूर्वीच्या माझाच होता.

ऐक. पाचव्या वेतन आयोगानंतर राज्याची तिजोरी ओढीला आली होती. तिजोरी ओढीला आली की पहिली कुऱ्हाड नव्या भरतीवर पडते, कारण न लागलेला माणूस मोर्चा काढत नाही. तेव्हा माझं डी.एड. झालेलं होतं. २००० साली शिक्षण सेवक योजना आली, महिना ३,००० रुपये, तीन वर्षं. मास्तरला तीन हजार, गावानं थट्टा केली. त्याच सुमारास एका कार्यालयाच्या निवड यादीत माझं नाव चौथं होतं. तिथल्या बाबूनं टेबलाच्या काचेखालची यादी बोटानं दाखवली आणि सांगितलं, "भरतीची बंदी उठली का तुमची ऑर्डर निघालीच समजा." मी समजलो. तीन हजाराची वाट सोडली. बंदी उठली नाही, यादीची मुदत संपली, काचेखाली नवा कागद आला. माझ्या वर्गातले दोघे शिक्षण सेवक झाले, तीन वर्षांनी नियमित झाले आणि १ नोव्हेंबर २००५ च्या आत असल्यामुळे जुन्या पेन्शनमध्ये बसले. ते माझ्यापेक्षा हुशार नव्हते (एकाला मी गणित शिकवलं होतं). फरक एवढाच की त्यांचं तीन वर्षांनंतरचं सरकारच्या जीआरमध्ये (शासन निर्णयात) लिहिलेलं होतं आणि माझं बाबूच्या तोंडात होतं.

म्हणून विचारतो, कागद कुठे आहे? तुझ्या योजनेचा जीआर काढून वाच. नावात प्रशिक्षण आहे, पैशाला शब्द विद्यावेतन आहे. कायम करण्याचा शब्द कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखव, मग थांब. सापडला नाही तर तुम्ही पोरापोरींनी मिळून लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. मोर्चाला जायचं असेल तर जा, मी अडवत नाही. पण निवेदनाची दुसरी प्रत जवळ ठेव, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख घे. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही.

सरकारकडे मंदीत दोन तोंडं असतात, दोन्ही मी एकाच महिन्यात पाहिली. ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागानं आरोग्य वगळता नवी भरती थांबवली. १७ मे ला केंद्रानं मनरेगाला, म्हणजे रोजगार हमीला, ४०,००० कोटी जास्तीचे जाहीर केले. दयेपोटी नव्हे. भरती सरकारच्या मर्जीची असते. हमीचं काम कायद्यानं मागता येतं, आणि त्या उन्हाळ्यात लोकांनी मागितलं. मी तेव्हा ग्रामरोजगार सेवक होतो, गावातल्या हमीच्या कामाचे अर्ज नोंदवणारा. पुण्याहून पायी-ट्रकनं आलेली पोरं निंबाखाली रांगेत बसायची, मी गुडघ्यावर रजिस्टर ठेवून अर्ज लिहायचो. त्या वर्षी देशभरात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं.

ही हमी मूळ आपल्या राज्याची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगलीकडच्या विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पैसा कुठून? नोकरदारांच्या व्यवसाय करातून. शहरातल्या पगाराला कात्री लावून माझ्या आईला खडी फोडायला काम दिलं गेलं. धाकट्याला सांभाळत मी त्याच खडीच्या ढिगाशेजारी बसलेला आहे, म्हणून या कायद्याबद्दल कोणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं.

आता तुझ्या घरचं बोलू. तुझी आई तीन महिन्यांपासून हमीचं काम मागते, असं तू म्हणाली. कोणाला? "रोजगार सेवकाला, रस्त्यात." रस्त्यात मागितलेलं काम सरकारच्या हिशेबात मागितलेलंच नसतं. वर आकडा जातो, मागणी शून्य, आणि पुढं साहेब भाषणात सांगतात की आमच्याकडे मजूरच मिळत नाहीत. काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना ४, तो भर, नमुना ५ ची तारखेची पोच घे. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान चौथाई बेकार भत्ता. २०२५-२६ ची रोजची मजुरी ३१२, त्याची चौथाई म्हणजे ७८ रुपये. तो भत्ता हातात पडलेला माणूस मी अजून पाहिला नाही, हे खरं आहे. पण पोच दाखवल्यावर आठवड्यात काम सुरू झालेलं मी पुष्कळदा पाहिलं. भत्ता द्यायला लागू नये म्हणूनच ते काम काढतात.

लोक तुला सांगतील, या माणसाला या पोचेपायीच काढलं. बरोबर आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात मी एका दिवशी ६३ अर्ज पोचेसकट नोंदवले. वरून फोन आला, मागणी जरा आवर. मी आवरली नाही. गावात उठवलं की मानधन निघालेल्या कामाच्या टक्केवारीवर आहे म्हणून मी अर्ज फुगवतो. टक्केवारी होती, नाकारत नाही. पण ६३ घरांत चूल पेटत नव्हती हेही तितकंच खरं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करेन. ग्रामसभेत ठराव घेऊन मला काढलं. ठरावाची नक्कल मात्र मी त्याच दिवशी अर्ज करून घेतली. कपाटात आहे, ये कधी, दाखवतो.

तू बी.एस्सी., आईच्या हमीच्या जॉबकार्डावर अर्ज लिहायला लाजते. तलाठ्याचा फॉर्म भरताना नव्हती लाजली. २०२३ ला साडेचार हजारांवर जागा, दहा लाखांवर अर्ज, फॉर्मचे हजार नाहीतर नऊशे. तुझ्यासारख्यांचे कितीतरी फॉर्म मीच भरले, त्या महिन्यात दुकानाचं भाडं आरामात निघालं. पैसे भरल्याची पावती मिनिटात येते बघ. ती द्यायला कोणी टाळाटाळ करत नाही.

चाकणला जायचं तर जा. तिथंही कंत्राटदाराकडून नेमणुकीचा कागद आणि पीएफचा नंबर मागून घे, 'नंतर देतो' म्हणाला तर आपली पिशवी उचल. यंदा कापसाचं काही खरं नाही, परवाच त्यावरचं ११ टक्के आयात शुल्क सरकारनं सप्टेंबरअखेरपर्यंत उठवलं. वेचणीच्या आधी घरात चार पैसे यायला पाहिजेत, तू असली काय, नसली काय.

सोमवारी आईला घेऊन ये. जॉबकार्ड पिठाच्या डब्यातून काढून आण, ओलं करू नको. नमुना ४ चे कोरे कागद दुकानात आहेत, लिहून मी देतो. ग्रामपंचायतीत तूच जायचं, अकरा महिने बसली त्याच टेबलापुढं उभं राहायचं. झेरॉक्सचे दोन रुपये घेईन. ते लॅमिनेशनच्या विसातून वळते कर.

तुझा,
दुकानवाला काका