परिसर चालण्याजोगा आहे का, हे रहिवाशांना कसं विचारायचं?

"तुमचा परिसर चालायला कसा आहे, दहापैकी गुण द्या" एवढ्या एका प्रश्नावर सोसायट्यांचा सर्व्हे भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. पहाटे टेकडीवर जाणारे काका आठ देतील, पोराला क्लासला सोडायला चालत जाणारी त्यांचीच सून तीन देईल. त्यातून तुम्हाला कळणार काय?

यासाठी तयार प्रश्नावली आहे, 'न्यूज' नावाची (NEWS, म्हणजे Neighborhood Environment Walkability Scale). ब्रायन सेलेन्स, जेम्स सॅलिस वगैरे संशोधक मंडळींनी अमेरिकेत सॅन दिएगोतल्या दोन वस्त्यांत ती तपासली आणि 2003 मध्ये प्रसिद्ध केली. तिची भारतीय आवृत्ती चेन्नईत वापरून झाली आहे, तीच शोधा. गंमत तिच्या विचारण्यात आहे. नुसतं 'दुकानं जवळ आहेत का' एवढ्यावर ती थांबत नाही. किराणा, औषधांचं दुकान, बसस्टॉप, एकेक नाव घेऊन चालत किती मिनिटं लागतात ते विचारते: पाचपर्यंत, सहा ते दहा, असे टप्पे. फुटपाथ, रहदारी, चोरीमारीची भीती यांचे विभाग वेगळे, आणि प्रत्येक विधानाला 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत चार पर्याय. 'रहदारीमुळे चालणं अवघड होतं' अशा उलट्या विधानांचे गुण उलटे धरायचे. आमच्या पहिल्या खेपेला हे राहिलं आणि सगळ्यात गजबजलेला चौक यादीत पहिला आला!

इमारतींच्या मजल्यांचा विभाग मी गाळेन. एकाच प्रभागात सगळे तेच उत्तर देतात.

पण जशीच्या तशी छापू नका. कोथरूडमध्ये फॉर्म भरून घेताना एका आजींनी 'बहुतेक रस्त्यांना फुटपाथ आहेत' यावर 'पूर्ण पटतं' सांगितलं, आणि फॉर्म झाल्यावर रस्त्यावरूनच चालू लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, चढू कशी? दर गेटला उतरा, परत चढा." पायरी मोजली, सव्वा फूट. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या सूचनांत फुटपाथची उंची कमाल 15 सेंटिमीटर आहे. तेव्हापासून आम्ही दोन प्रश्न विचारतो: फुटपाथ आहे का, आणि तुम्ही त्यावरून चालता का.

आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकून मोकळे होऊ नका, गाडीवाल्यांचीच उत्तरं येतील. दुपारी चारनंतर दारोदार जा, आजी-आजोबा घरी असतात.