फोनच्या पार्टिशनसाठी ईएक्सटी४ की एफ२एफएस?

तुम्ही विचारलंय की जुन्या अँड्रॉइड फोनवर कस्टम रॉम (कंपनीऐवजी इतरांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकताना रिकव्हरीत (फोनमधल्या दुरुस्तीच्या छोट्या वेगळ्या प्रणालीत) फाइल सिस्टिम (साठवणीत फाइली मांडायची पद्धत) बदलायचा पर्याय दिसला, त्यात ईएक्सटी४, एफ२एफएस, ईएक्सटी२, एक्सफॅट अशी नावं आहेत, आणि एफ२एफएस वेगवान असते असं वाचल्यामुळे सगळीच पार्टिशन (साठवणीचे वेगवेगळे भाग) त्यात बदलून टाकावीत का.

सगळी नकोत. फक्त डेटा पार्टिशन बदला, आणि तेही तुमचा कर्नल (अँड्रॉइडचा लिनक्स गाभा), रॉम आणि रिकव्हरी या तिघांनाही एफ२एफएस नीट कळत असेल तरच. बाकीच्या पार्टिशनांना हात लावून मिळण्यासारखं काही नाही, गमावण्यासारखं मात्र बरंच आहे. एकूण फोनला कुठली फाइल सिस्टिम चांगली, असा विचार करू नका. त्या एका पार्टिशनवर कोण लिहितं आणि किती वेळा लिहितं, ते बघा.

सिस्टिम आणि व्हेंडर या पार्टिशनांवर फोन चालू असताना कुणीच लिहीत नाही, ती फक्त वाचली जातात. शिवाय रॉमच्या झिपमध्ये त्यांची इमेज (पार्टिशनची तयार प्रत) ब्लॉक स्वरूपात येते आणि फाइल सिस्टिम त्या इमेजमध्येच तयार असते. तुम्ही रिकव्हरीतून आधी काहीही फॉरमॅट केलं तरी रॉम फ्लॅश झाल्यावर (म्हणजे लिहून झाल्यावर) ते पुसलं जातं. त्यामुळे तिथे निवड तुमच्याकडे नसते, रॉम बनवणाऱ्याकडे असते. त्यानेही एफ२एफएस घेण्यात अर्थ नाही, कारण तिचं सगळं कौशल्य लिहिण्यात आहे. अशा फक्त वाचायच्या जागेसाठी आता ईआरओएफएस आहे. ती हुआवेमध्ये तयार झाली आणि २०१९ मध्ये लिनक्स ५.४ मध्ये मुख्य प्रवाहात आली. ती डेटा दाबून ठेवते आणि वाचताना सोडवते, म्हणून जागा वाचते. तुमच्या जुन्या फोनचा कर्नल तिला ओळखत नसेल तर ईएक्सटी४च येईल आणि त्याने काही बिघडत नाही.

पर्सिस्ट नावाचं छोटं पार्टिशन दिसलं तर ते फॉरमॅट करू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. त्यात सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि फोनगणिक वेगळी असणारी माहिती असते. ती रॉमच्या झिपमध्ये नसते, त्यामुळे गेली तर रॉम पुन्हा टाकून परत येत नाही. मॉडेमशी संबंधित पार्टिशनांचंही तेच. कॅश पार्टिशन असेल तर आहे तसं राहू द्या.

आता डेटाकडे येऊ, कारण खरी निवड इथेच आहे. ॲप, फोटो, मेसेज, सगळं इथे येऊन पडतं. आणि अँड्रॉइडचं लिखाण एका खास प्रकारचं असतं: मोठ्या फाइली क्वचित, छोट्या नोंदी मात्र सतत. जवळजवळ प्रत्येक ॲप एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये काहीतरी साठवतं. एक मेसेज आला की जुन्या पद्धतीत आधी एक जर्नल फाइल (बिघाड झाला तर सावरायला ठेवलेली तात्पुरती नोंद) तयार होते, ती एफसिंक करून (चिपवर खरोखर लिहून घ्यायचा आदेश देऊन) पक्की केली जाते, मग मूळ डेटाबेसमध्ये बदल होतो, पुन्हा एफसिंक, आणि मग जर्नल फाइल काढून टाकली जाते. म्हणजे डेटाबेस स्वतःचं जर्नल ठेवतोच. त्याखाली ईएक्सटी४ असेल तर तीही फाइलच्या नोंदींसाठी आपलं जर्नल ठेवते. त्या नोंदी आधी जर्नलमध्ये जातात, नंतर आपल्या जागी. भरीला, तिच्या नेहमीच्या ऑर्डर्ड मोडमध्ये एका फाइलचं एफसिंक मागितलं की त्याच व्यवहारात अडकलेल्या दुसऱ्या फाइलींचा डेटाही आधी खाली जावा लागतो. बॅकग्राउंडला ॲप अपडेट होत असताना चॅट उघडलं की फोन मध्येच थबकतो, त्यामागचं एक कारण हे.

एफ२एफएस इथे वेगळं वागते. एफसिंक आलं की ती त्या फाइलचा डेटा आणि तिचा नोड (डेटा कुठे आहे याची नोंद) तेवढा लिहिते आणि नोडवर खूण करून ठेवते. पूर्ण चेकपॉइंट (सगळ्या फाइल सिस्टिमची पक्की केलेली स्थिती) नंतर सवडीने होतो. मधेच बॅटरी गेली तर माउंट करताना (पार्टिशन वापरासाठी जोडताना) ती शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे खुणा शोधत जाते आणि पक्क्या केलेल्या फाइली परत उभ्या करते. याशिवाय नवं लिखाण ती मोकळ्या जागेत ओळीने टाकते, आणि सतत बदलणारा डेटा व क्वचित बदलणारा डेटा वेगवेगळ्या लॉगमध्ये (ओळीने लिहायच्या पट्ट्यांमध्ये) ठेवते. असे सहा लॉग ती एकाच वेळी चालवू शकते. सॅमसंगने ही फाइल सिस्टिम फ्लॅश मेमरी समोर ठेवूनच लिहिली. २०१२ मध्ये ती जाहीर झाली, २०१३ मध्ये लिनक्स ३.८ मध्ये आली. त्याच वर्षीच्या मोटो एक्समध्ये डेटासाठी तीच होती, पुढे नेक्सस ९ मध्ये आणि २०१८ च्या पिक्सेल ३ मध्येही. त्यामुळे ती कच्ची आहे, प्रयोगापुरती आहे, ही भीती आता मनातून काढून टाका.

एक गैरसमज मात्र सगळीकडे फिरतो: ईएक्सटी४ त्याच त्या जागी लिहिते म्हणून मेमरी झिजवते. तसं होत नाही. फोनच्या साठवणीच्या ईएमएमसी किंवा यूएफएस चिपच्या आत स्वतःचा कंट्रोलर असतो. फाइल सिस्टिमला दिसणारा ब्लॉक क्रमांक आणि प्रत्यक्षातली फ्लॅशची जागा यांची सांगड तो घालतो आणि झीज सगळीकडे वाटून टाकतो. फरक पडतो तो एकूण किती लिहिलं जातं आणि किती विखुरलेलं लिहिलं जातं, याने. त्यात एफ२एफएस सहसा पुढे असते, पण ईएक्सटी४ वापरली म्हणून फोन लवकर मरेल असं अजिबात नाही. आणि कुणी ईएक्सटी४चं जर्नल बंद करून वेग वाढवायला सांगितलं तर ऐकू नका. अचानक बंद पडणाऱ्या जुन्या बॅटरीच्या फोनवर तो सल्ला मला धोकादायक वाटतो.

एफ२एफएसची दुखरी बाजू म्हणजे भरलेला फोन. ती नवीन लिखाण नव्या जागी टाकते, म्हणून जुने निरुपयोगी तुकडे मागे उरतात आणि ते गोळा करून अख्खे सेगमेंट मोकळे करावे लागतात. एक सेगमेंट २ एमबीचा असतो. जागा भरपूर असेल तर हे काम फोन निवांत असताना होतं, तुम्हाला कळतही नाही. जागा संपत आली की तेच काम तुमच्या लिखाणाच्या मध्ये येतं आणि फोन अडखळायला लागतो. शिवाय या कामासाठी ती थोडी जागा आधीच राखून ठेवते, त्यामुळे फॉरमॅट केल्यावर मोकळी जागा ईएक्सटी४पेक्षा थोडी वेगळी दिसली तर घाबरू नका. तुमचा फोन कायम काठोकाठ भरलेला राहत असेल आणि फोटो हलवायची सवय नसेल, तर मी ईएक्सटी४ सुचवेन.

कर्नलचं वयही बघा. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत आवृत्ती दिसते. ४.९, ४.१४ किंवा त्यापुढची असेल आणि रॉमच्या माहितीत एफ२एफएसचा उल्लेख असेल, तर मी विचार न करता तीच घेईन. ३.४ किंवा ३.१० असेल तर त्यातली एफ२एफएस कुणीतरी मागाहून आणून बसवलेली असते आणि तिच्यात नंतरच्या कित्येक दुरुस्त्या नसतात. तिथे ईएक्सटी४ घ्या, तिचं एफएससीके हे तपासणीचं साधन बिघडलेल्या गोष्टी दुरुस्त करण्यात फार मुरलेलं आहे. आणखी एक अडचण: नवीन रिकव्हरीतलं फॉरमॅटचं साधन काही नवी वैशिष्ट्यं चालू करून फाइल सिस्टिम बनवतं, जी जुन्या कर्नलला वाचता येत नाहीत. म्हणून त्या रॉमसोबत सांगितलेलीच रिकव्हरी वापरा, सापडली ती नको.

रॉमला एफ२एफएस कळते का, याचं नक्की उत्तर एफएसटॅब फाइलमध्ये (कुठलं पार्टिशन कुठल्या फाइल सिस्टिमने माउंट करायचं त्या यादीत) असतं. ती बहुधा व्हेंडरच्या ईटीसी फोल्डरमध्ये सापडते. तिच्यात डेटासाठी दोन ओळी असतील, एक एफ२एफएसची आणि एक ईएक्सटी४ची, तर दोन्ही चालतात. एका ओळीने माउंट झालं नाही तर अँड्रॉइड दुसरी वापरून बघतं. फक्त ईएक्सटी४ची ओळ असेल आणि तुम्ही एफ२एफएस केलं, तर फोन लोगोवर अडकेल किंवा थेट रिकव्हरीत परत येईल. तसं झालं तर फोन मेला असं समजू नका, रिकव्हरीतून डेटा परत ईएक्सटी४ केलं की तो सुरू होतो.

फाइल सिस्टिम बदलणं म्हणजे फॉरमॅटच. रूपांतर होत नाही. इंटरनल स्टोरेज म्हणून दिसणारे फोटो आणि डाउनलोडही याच पार्टिशनवर असतात, तेव्हा तेही जातात. बॅकअप संगणकावर घ्या, फोनमध्येच ठेवू नका. एन्क्रिप्शनमुळे निवडीत फरक पडत नाही, कारण अँड्रॉइडचं फाइलनिहाय एन्क्रिप्शन दोन्हींवर चालतं.

बीटीआरएफएस या आणखी एका फाइल सिस्टिमचं नाव कुठे वाचलं असेल तर, जोला या कंपनीच्या पहिल्या फोनमध्ये ती होती. स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) वगैरे छान आहेत, पण अँड्रॉइडचं हे एन्क्रिप्शन तिच्यावर चालत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी तो विषय नाही. ईएक्सटी२ला जर्नल नाही, ती सोडून द्या. एसडी कार्ड संगणकातही लावणार असाल तर एक्सफॅट ठेवा. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस केलेलं कार्ड विंडोज संगणक स्वतःहून वाचत नाही.

पुढे कधी नव्या फोनवर हाच प्रश्न आला तर एक मुद्दा लक्षात असू द्या. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी पेज आकाराची (पेज म्हणजे कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत हाताळतो तो तुकडा) सोय आली आहे, आणि एफ२एफएसचा ब्लॉक पेजएवढाच असावा लागतो. ४ केबीवर फॉरमॅट केलेलं डेटा पार्टिशन १६ केबीच्या कर्नलवर माउंट होत नाही. ईएक्सटी४ला ही अट नाही. म्हणूनच पिक्सेलवर डेव्हलपर पर्यायातून १६ केबी चालू करताना फोन डेटा पुसून ईएक्सटी४ करतो.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: बॅकअप, मग रिकव्हरीत फक्त डेटा निवडून एफ२एफएस, मग रिकव्हरी पुन्हा सुरू करून रॉम टाकणं. फोन चालू झाल्यावर एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला कमांड द्यायच्या साधनात) माउंट कमांड देऊन डेटाची ओळ बघा. काही रॉम पहिल्या बूटला डेटा आपल्या पसंतीने पुन्हा फॉरमॅट करतात. तिथे ईएक्सटी४ दिसली तर रॉमने स्वतःच निवड केलेली आहे, तिच्याशी झगडू नका. कर्नलची आवृत्ती आणि एफएसटॅबमधली डेटाची ओळ इथे टाकलीत तर मी नेमकं सांगू शकेन.