सबटायटल राहू देत, स्पीकर चांगला आणा

प्रश्न : मी निपाणीजवळच्या एका शाळेत शिकवते. सुट्टी लागण्याआधी पाचवी ते सातवीच्या मुलांना एक सिनेमा दाखवायचा आहे. अर्धी मुलं मराठी माध्यमाची, अर्धी शेजारच्या कन्नड शाळेची. सबटायटल वाचणार कोण आणि कुठल्या भाषेत? कुणीतरी फ्रान्सचा दिग्दर्शक जाक ताती याचं नाव सुचवलं. मी मोबाइलवर ‘प्लेटाइम’ लावला, पण अर्ध्या तासात बंद केला. नायक कोण आणि बघायचं कुठे, तेच कळेना. मुलांना हे झेपेल का?

— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : बाई, ‘प्लेटाइम’ आणि मोबाइलवर? अहो, तो ७० एमएमवर काढलेला सिनेमा. ताती चेहरे जवळून दाखवायच्या भानगडीत फारसा पडत नाही. एकाच चौकटीत चार कोपऱ्यांत चार गमती चाललेल्या असतात आणि कुठली बघायची ते आपण ठरवायचं. तळहाताएवढ्या काचेवर तुम्हाला मुंग्याच दिसल्या असणार. १९६७च्या या सिनेमासाठी त्यानं पॅरिसच्या कडेला काचेच्या इमारतींचं अख्खं शहर उभारलं आणि त्यात पार कर्जबाजारी झाला. तुमच्या मुलांसाठी तो आत्ता नको.

त्याचाच ‘मस्य उलोची सुट्टी’ लावा, १९५३चा. मस्य म्हणजे फ्रेंचमध्ये श्रीयुत. लांब पाय, तोंडात पाइप, पुढं झुकून चालणारा उलो समुद्रकाठच्या हॉटेलात सुट्टीला येतो. गोष्ट एवढीच. उलोचं काम स्वतः तातीनंच केलंय.

माझा मूळ धंदा लाउडस्पीकरचा. बेळगावात लग्नं, गणपती, नाटकं, दोन्ही भाषांतल्या सभा, सगळीकडे साउंड लावलं. त्यामुळं हा माणूस मला आधी कानानं आवडला. सिनेमा सुरू होतो तो रेल्वे स्टेशनावर. भोंग्यातून घोषणा होते, पण एक अक्षर कळेल तर शपथ! नुसती घरघर. सुट्टीला निघालेली गर्दी बॅगा सावरत भुयारातून पलीकडच्या फलाटावर पळते, तर गाडी दुसरीकडेच लागते. पुन्हा घरघर, पुन्हा पळापळ. लोंढा जंक्शनवर गाडी बदललेल्या माणसाला यात काय समजवायचं? मराठी पोर आणि कन्नड पोर इथं एकदमच हसणार, बघा की.

पुढं हॉटेलच्या जेवणघराचं दार येतं. उघडमीट झाली की तार छेडल्यासारखा ‘टुंग’ आवाज. वाढपी गेला, टुंग. परत आला, टुंग. ताती शूटिंगच्या वेळचा आवाज सहसा ठेवायचाच नाही. नंतर स्टुडिओत बसून एकेक आवाज निवडून बसवायचा. माणसांचं बोलणंही बाजारातल्या गलक्यासारखं मागं ठेवायचा आणि दाराला पुढं आणायचा. म्हणून सबटायटल बंद ठेवलं तरी काही बिघडत नाही.

आता कामाचं सांगतो. प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर भागवू नका. एक बरा स्पीकर भाड्यानं आणा आणि पडद्याखालीच ठेवा, म्हणजे दार वाजलं की दारातूनच वाजल्यासारखं वाटेल. हॉलमधले पंखे जमलं तर बंद करा, नाहीतर अर्धा ताती पंख्यातच जायचा. आणि हात जोडून विनंती, माइक घेऊन समजावून सांगायला कुणी उभं राहू नये.

मुलांना आवडलं तर पुढच्या खेपेला ‘मों ऑन्क्ल’, म्हणजे ‘माझा मामा’ (१९५८). यालाच परदेशी सिनेमाचं ऑस्कर मिळालं. यातला मामा म्हणजे उलोच. त्याच्या भाच्याच्या चकचकीत बंगल्यात माशाचं कारंजं आहे. बेल वाजली की बाईसाहेब, म्हणजे उलोची बहीण, बटण दाबतात, मासा पाणी उडवायला लागतो. आलेला माणूस पाहुणा नसून आपला भाऊच आहे असं दिसलं की लगेच बटण बंद! असली माणसं आपल्या गल्लीतही आहेत, नावं नको घ्यायला. सिनेमा मात्र जवळजवळ दोन तासांचा आहे. मध्ये लघवीची सुट्टी द्या.

‘सुट्टी’मध्ये एक मयताचा प्रसंग आहे, तो आधीच सांगून ठेवतो. उलोच्या गाडीची ट्यूब पाचोळ्यात पडते, तिला पानं चिकटतात आणि लोक पुष्पचक्र समजून ती मानानं टांगतात. मग ती हवा सोडायला लागते. शाळेत यावर हसू द्यायचं का, असं कमिटीतलं कुणी विचारलं, तर त्यांनाही पुढच्या रांगेत बसवा.