वाचकांचे प्रश्न : मंडेलांच्या सोबतचे बाकीचे लोक

मागच्या अंकात मंडेलांच्या तुरुंगवासावर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना बाकीच्यांबद्दल विचारायचं होतं आणि मला त्याचा खरंच आनंद झाला, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. चार प्रश्न घेतोय.

मंडेलांबरोबर जन्मठेप झालेले बाकीचे कोण होते? त्यांची नावं कुठे वाचायलाच मिळत नाहीत.
(एक वाचक, सांगली)

१२ जून १९६४ ला दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या कोर्टात रिव्होनिया खटल्यात, म्हणजे गोऱ्यांचं वर्णभेदी सरकार उलथवण्याच्या कटाच्या खटल्यात, आठ जणांना जन्मठेप झाली. मंडेला, वॉल्टर सिसुलू, गोवन म्बेकी, रेमंड म्हलाबा, अहमद कथ्राडा, डेनिस गोल्डबर्ग, इलियास मोत्सोआलेदी आणि अँड्र्यू म्लांगेनी. यातले सात जण रॉबेन आयलंड या केपटाउनजवळच्या बेटावरच्या तुरुंगात गेले आणि गोल्डबर्ग गेले नाहीत, का तर ते गोरे होते आणि तुरुंगसुद्धा रंगाप्रमाणे वेगळे होते, म्हणून गुन्हा तोच आणि शिक्षा तीच असून हा माणूस २२ वर्षं आपल्या साथीदारांपासून तोडलेला प्रिटोरियात राहिला. बेटावर गेलेल्यांत कथ्राडा वयाने सगळ्यात लहान, ३४ वर्षांचे, आणि ते भारतीय वंशाचे म्हणून त्यांना लांब पँट मिळाली आणि वयाने एवढ्या मोठ्या मंडेला-सिसुलूंना अर्धी चड्डी, जेवणातही तसाच फरक. कथ्राडांना हे किती लागलं असेल बघा.

म्लांगेनींचा कैदी नंबर ४६७/६४, म्हणजे मंडेलांच्या ४६६/६४ च्या लगेच पुढचा. मंडेलांचा नंबर टीशर्टवर छापला जातो, पुढचा कोणाला माहीतही नसतो. या आठांपैकी शेवटी तेच उरले होते, जुलै २०२० मध्ये गेले. आणि मोत्सोआलेदींबद्दल वाचलं की मला आजही गलबलून येतं, खटला चालू असताना त्यांच्या बायकोला, कॅरोलाइनलाही आत टाकलं होतं, घरी लहान मुलं, मग हे २६ वर्षं आत, आणि बाहेर आल्यावर मंडेलांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, ९ मे १९९४ ला ते वारले.

आपल्याकडून गेलेले लोक या लढ्यात होते का?
(एक वाचक, रत्नागिरी)

होते, आणि भरपूर होते. तमिळ, तेलुगू, गुजराती, भोजपुरी घरांतले जास्त. तुम्ही रत्नागिरीचे म्हणून सांगतो, केपटाउनमध्ये रत्नागिरी-रायगडच्या गावांतून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, तेव्हा केपटाउनच्या इमाम हारून यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलंय ते जरूर वाचा. ते स्वतः कोकणी नव्हते, पण शहर तेच.

मला मात्र तुम्हाला शांती नायडूंबद्दल सांगायचंय. त्यांचे आजोबा थंबी नायडू हे गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहातले जवळचे सहकारी, आणि पुढे शांती आणि त्यांची सगळी भावंडं, सगळीच्या सगळी, कधी ना कधी तुरुंगात गेली. १९६९ मध्ये मंडेलांच्या तेव्हाच्या पत्नी विनी मंडेला आणि इतरांवर खटला भरला तेव्हा पोलिसांनी शांतींना एकांतात ठेवून, झोपू न देता छळून सरकारी साक्षीदार म्हणून उभं केलं. त्या कोर्टात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आरोपींमध्ये माझ्या मैत्रिणी आहेत, साक्ष दिली तर माझं मन मला खाईल, मी देणार नाही. त्यासाठी परत तुरुंग. एवढं सोसून झाल्यावर ही बाई नाही म्हणते, मला तर हे मोठमोठ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

वर्णभेदाच्या काळात पोलीस कोठडीत झालेल्या मृत्यूंच्या त्या जुन्या केसेस पन्नास वर्षांनी परत उघडून काय मिळतं? आरोपी मेले, पुरावे गेले.
(एक निवृत्त वकील, पुणे)

वकीलसाहेब, या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

अहमद टिमोल हे जोहान्सबर्गजवळच्या रूडपूर्टमधले शाळामास्तर, वय २९. २२ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री नाकाबंदीत त्यांची गाडी अडवली, सोबत सलीम एसोप नावाचा मेडिकलचा विद्यार्थी होता, गाडीत बंदी असलेली पत्रकं सापडली, दोघांनाही जॉन व्होर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयात नेलं. २७ तारखेला टिमोल दहाव्या मजल्यावरच्या १०२६ नंबरच्या खोलीच्या खिडकीतून खाली पडून मेले. पोलीस म्हणाले उडी मारली, आणि १९७२ मध्ये मॅजिस्ट्रेटनेही आत्महत्याच ठरवली, कोणी दोषी नाही. आता हे घर धार्मिक मुसलमानाचं, तिथे आत्महत्येचा शिक्का म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. आई हवाबेननी १९९६ ला सत्य आणि सलोखा आयोगापुढे (वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणारा, खरं कबूल करणाऱ्यांना माफी देऊ शकणारा आयोग) येऊन सांगितलं की माझ्या मुलाने जीव दिलेला नाही, आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या.

मग भाचा इम्तियाझ काजी मागे लागला, वर्षानुवर्षं, आणि २०१७ मध्ये चौकशी परत उघडली. तिथे सलीम एसोप येऊन उभे राहिले. त्यांनाही त्याच इमारतीत बेशुद्ध होईपर्यंत मारलं होतं आणि त्यांनी सांगितलं की डोकं झाकलेल्या एका माणसाला दोघं जण कॉरिडॉरमधून ओढत नेत होते, तो अहमदच होता. डॉक्टरांनीही सांगितलं की अंगावरच्या काही जखमा पडण्याच्या आधीच्या आहेत. १२ ऑक्टोबर २०१७ ला न्यायमूर्ती मोठले यांनी निकाल दिला, हा खून आहे, त्यांना ढकललं गेलं.

तुम्ही म्हणता पुरावे गेले, पण वकीलसाहेब, सोबतचा माणूस जिवंत होता ना, त्याची आठवण हाच पुरावा झाला. कागद सगळे पोलिसांनी स्वतः लिहिलेले होते, त्यांच्या विरोधात जाणारी गोष्ट फक्त साथीदारांच्या डोक्यात शिल्लक होती. म्हणून मी आठवण ठेवणं याला फुलं वाहण्याचं काम मानत नाही, ती साक्ष असते.

इमाम अब्दुल्ला हारून यांचंही तसंच. १९६९ मध्ये १२३ दिवस कोठडीत, मग मेले, पोलीस म्हणे जिन्यावरून पडले. २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं की मरण छळामुळे आलं. पत्नी गलीमा २०१९ मध्येच गेल्या होत्या, त्यांना हे ऐकायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं. डॉ. नील एगेट हे गोरे डॉक्टर, कामगार युनियनचं काम करायचे, १९८२ मध्ये त्याच जॉन व्होर्स्टर स्क्वेअरमध्ये गळफासाने मेलेले दाखवले, ४० वर्षांनी २०२२ मध्ये तेही पोलिसांवर आलं. आणि एक नाव खास तुमच्यासाठी, जॉर्ज बिझोस. रिव्होनियात बचावाचे वकील, १९७२ ला टिमोल कुटुंबाचे वकील, एगेटच्या पहिल्या चौकशीतही तेच, आणि २०१७ मध्ये म्हातारपणी टिमोल केसमध्ये साक्षीला आले.

आरोपींचं म्हणाल तर ते खरं आहे. टिमोलच्या खोलीत आपण होतो असं सांगणारा पोलीस रॉड्रिग्ज, त्याच्यावर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला, पण तो खटला उभा राहायच्या आधीच २०२१ मध्ये मेला. सत्य आणि सलोखा आयोगाने माफी न मिळालेल्यांच्या सुमारे ३०० केसेस सरकारी वकिलांकडे दिल्या होत्या आणि त्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या, आणि हे लोकशाही सरकार आल्यानंतर घडलं ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे. कोणी दबाव आणून त्या थांबवल्या का हे बघायला शेवटी २०२५ मध्ये न्यायमूर्ती खाम्पेपे यांचा आयोग नेमावा लागला, तोही मेलेल्यांच्या घरच्यांनी कोर्टात धाव घेतली तेव्हा.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी या लढ्यातल्या एका स्त्रीवर लिहायचंय. विनी मंडेला सोडून कोण?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तीन नावं देतो. रूथ फर्स्ट, पत्रकार आणि संशोधक, १९८२ मध्ये शेजारच्या मोझांबिकमधल्या मापुटोच्या विद्यापीठात पार्सल बॉम्बने मारली. फिलिस नायडू, डर्बनच्या वकील, लेसोथो या शेजारच्या देशात असताना पार्सल बॉम्बमधून वाचल्या, पुढे एक मुलगा झांबियात मारला गेला, आणि तरी म्हातारपणी बसून फाशी गेलेल्या आणि विसरलेल्या साथीदारांवर एकेक करून लिहीत राहिल्या, २०१३ मध्ये गेल्या.

पण मी असतो तर डल्सी सप्टेंबर घेतली असती. केपटाउनची शिक्षिका, पाच वर्षं तुरुंग, १९७३ मध्ये देश सोडला, पॅरिसमध्ये मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाची प्रतिनिधी म्हणून काम करायची. २९ मार्च १९८८ ला सकाळी ऑफिसचं दार उघडताना तिला गोळ्या घातल्या. पॅरिसमध्ये तिच्या नावाचा चौक आहे, खुनी मात्र आजपर्यंत पकडलेला नाही. प्रोजेक्टमध्ये चौकाचा फोटो लाव, आणि खुनी सापडला नाही हे पहिल्या पानावर लिही, शेवटच्या नको.