आमटीतली गोळी

"मॅडम, ह्यांना कळू न देता दारूची गोळी देता येते का?"

व्यसनमुक्तीच्या कामात घरच्या बायकांकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न हाच असेल. कधी बायको विचारते, कधी आई, कधी लग्न होऊन गेलेली बहीण फोनवरून. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात, आता मोबाइलवरही येतात. विचारणारीला मी कधीही दोष देत नाही. दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाल्याचं तीत दिसलं आणि दाखल होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. उरलेल्या सदतीस घरांतल्या बाईने काय करायचं? हाताशी येईल ते ती करून बघते.

वैशालीताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं करून झालं होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांचे यजमान संजय साखर कारखान्यात हंगामी कामगार. गळीत हंगामात रात्रपाळ्या आणि हंगाम संपला की चार-पाच महिने हाताला नेमकं काम नाही. पिणं दोन्ही काळात होतं. बिनकामाच्या महिन्यांत ते सकाळपासून सुरू व्हायचं. डॉक्टरांचं नाव काढलं की, "मी काय बेवडा आहे का?" म्हणून ताट सरकवून उठायचे.

शेजारच्या बाईंनी आपल्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी दिली. डायसल्फिरामच्या गोळ्या. वैशालीताई रोज अर्धी गोळी कुटून रात्री ताटातल्या आमटीत घालायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संजय पिऊन आले. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. वैशालीताईंना वाटलं, आता धडा मिळाला. संजयना मात्र वाटलं की त्या दुकानातली देशी भेसळीची आहे. त्यांनी दुकान बदललं आणि जरा महागाची इंग्लिश घ्यायला सुरुवात केली. दर वेळी त्रास कमी-जास्त व्हायचा, कारण कधी ते बाहेर जेवायचे, कधी आमटी अर्धी ठेवायचे. एका रात्री रक्तदाब इतका उतरला की शुद्ध हरपली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर हृदयविकाराचा झटका समजून धावपळ करत होते, तेव्हा वैशालीताईंनी पदराच्या गाठीतली पट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. त्या क्षणी त्यांनी दाखवलेलं धैर्य मोठं होतं. त्यामुळे उपचारांची दिशा बदलली.

संजय वाचले. घरी आले आणि घरचं जेवण बंद केलं. पंधरा दिवस वडापाव आणि टपरीवरचा चहा. सासूबाई सुनेशी बोलेनात.

या गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण उत्तर त्यातच आहे. पोटात गेलेल्या दारूचं यकृत आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करतं आणि मग लगेच त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट बनवतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी रोखतं. विष रक्तात साठतं आणि वर सांगितलेला त्रास सुरू होतो. कोपनहेगनचे जेन्स हाल्ड आणि एरिक जेकबसेन १९४० च्या दशकात हे द्रव्य जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. स्वतः गोळी घेऊन बघितली आणि नंतर थोडी दारू घेतल्यावर दोघांना विचित्र त्रास झाला. गोळीचा आणि त्या त्रासाचा संबंध आहे हे त्यांनाही लगेच कळलं नव्हतं, एकमेकांचे अनुभव ताडून पाहिल्यावर उलगडलं. १९४८ मध्ये त्यांनी तो शोध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. प्रयोगशाळेतल्या संशोधकांची ही स्थिती, तर संजयनी दुकानदाराला दोष दिला यात नवल ते काय!

पुढच्या संशोधनातून जे दिसलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८६ मध्ये रिचर्ड फुलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ६०५ पुरुषांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीची मात्रा दिली, काहींना नावापुरती एक मिलिग्रॅम. दोन्ही गटांना आपण डायसल्फिराम घेतोय असं माहीत होतं. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. २०१४ मध्ये अशा बावीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. जिथे रुग्णाला आपण कोणतं औषध घेतोय हे माहीत होतं, तिथे डायसल्फिराम सरस ठरलं. जिथे खरी गोळी की खोटी हे कुणालाच माहीत नव्हतं, तिथे त्याचा वरचष्मा दिसला नाही. म्हणजे 'आज गोळी घेतली आहे, आज पिता येणार नाही' ही जाणीव या उपचाराचं निम्म्याहून अधिक काम करते. आमटीत गोळी कालवली की नेमकी ती जाणीवच काढून घेतली जाते, उरतं फक्त विष. म्हणून माझं उत्तर कायम 'नाही' असतं आणि ते केवळ कायद्याच्या भीतीपोटी नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित आजार येतात आणि माहिती देऊन घेतलेली संमती हा रुग्णाचा हक्क आहे, हेही खरंच. पण नकळत दिलेली गोळी कामच करत नाही, ही गोष्ट मी आधी सांगते.

धोके आणखीही आहेत. यकृताचा दाह, हृदयरोग, फिट येणं, मानसिक भ्रम यांपैकी काही असलेल्या माणसाला डॉक्टर ही गोळी जपूनच देतात किंवा देतच नाहीत. शेवटचं पिणं होऊन किमान बारा तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. खोकल्याची काही औषधं आणि आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं यांतही मद्यार्क असतो. ज्याला गोळी चालू असल्याचं ठाऊकच नाही तो दशमूलारिष्ट कसं टाळणार? आणि रोज भरपूर पिणारा माणूस घाबरून एकदम थांबला, तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते. त्यातून जीवही जातो.

वैशालीताईंनी हे सगळं ऐकलं. मग शांतपणे म्हणाल्या, "कळलं. पण हे तर तुमच्याकडे येणारच नाहीत. मग मी काय करू?"

खरा प्रश्न हा आहे. यावर काम करणाऱ्यांपैकी रॉबर्ट मायर्स यांचं नाव मी आदराने घेते. पिणारा स्वतः येत नसेल तर घरच्या माणसाला शिकवून त्याला उपचारांपर्यंत आणायचं, अशी 'क्राफ्ट' नावाने ओळखली जाणारी पद्धत त्यांनी घडवली. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये १३० कुटुंबांत तीन मार्गांची तुलना झाली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्या नातेवाइकांनी एकत्र बसून पिणाऱ्याला अचानक जाब विचारायचा, या मार्गाने ३० टक्के लोक उपचारांना आले. अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांनी एकमेकांना आधार देणारे गट, त्या वाटेने घरच्यांना नेल्यावर १३ टक्के. क्राफ्टने ६४ टक्के. अल-अनॉनवर इथे अन्याय नको. पिणाऱ्याला आणणं हा तिथला हेतूच नाही, बाईला तिचं मन परत मिळावं हा आहे. त्यासाठी मी आजही बायकांना तिथे पाठवते. शिवाय तिन्ही मार्गांत घरच्यांची स्वतःची अवस्था सारखीच सुधारली होती. मदत मागायला आलेल्या बाईला आधार मिळतो, मग नवरा येवो न येवो.

सुरुवातीला मी एकच विचारलं, मारहाण होते का? होत असती तर आधी सुरक्षिततेची व्यवस्था, १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक, माहेरचं कोण येईल, हे सगळं ठरवलं असतं. तसं नव्हतं. मग आम्ही त्यांचा आठवडा लिहून काढला. कधी पितात, कुणाबरोबर, त्याआधी काय घडतं. लिहिता लिहिता वैशालीताईंना दिसलं की मंगळवारी बाजाराच्या दिवशी ते बहुतेक पीत नाहीत, कारण धाकट्या मुलीला घेऊन जातात. त्या दिवसाकडे आजवर कुणाचं लक्षच नव्हतं. घरात बोलणं व्हायचं ते पिऊन आल्यावर, भांडणाचं.

ते उलटं करायचं ठरलं. पिऊन आले की जेवण झाकून ठेवायचं आणि आपण झोपायचं, वाद नाही. न पिता आले की एकत्र जेवायचं, गप्पा मारायच्या. रात्रीच्या पिण्यामुळे त्यांची कामाची पाळी चुकली तर कारखान्यात "ताप आलाय" असा फोन आपण करायचा नाही. हे त्यांना फार जड गेलं, कारण पगार कापला जाणार होता. सासूबाईंशी बोलायलाही मी सुचवलं, कारण "दिवसभर राबतोय बिचारा" म्हणून त्याच शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवायच्या. वैशालीताईंनी त्यांना माझ्याकडेच आणलं. आत्याबाई, मी फसवून गोळी दिली ते चुकलं, पण तुम्ही पैसे देता ते मी कुणाला सांगू, असं सून सासूला माझ्यासमोर म्हणाली. म्हातारी बराच वेळ गप्प बसली आणि मग रडली. त्या दिवसापासून पैसे बंद झाले.

आठवडे गेले. एका मंगळवारी बाजारातून आल्यावर वैशालीताई संजयना एवढंच म्हणाल्या, "दवाखान्यातनं आल्यापासून तुमच्या पोटाची काळजी वाटते. उद्या सकाळची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते." वेळ खरंच आधी घेऊन ठेवली होती. माणूस 'हो' म्हणाला आणि भेट पंधरा दिवसांनंतरची असली, की तो 'हो' विरून जातो.

संजय आले ते यकृताच्या तपासणीसाठी. समोर बसल्यावर पहिलं वाक्य, "मला दारू सोडायची नाही." मी विचारलं, दारूतलं काय आवडतं? त्यांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. रात्रपाळीनंतर अंग हलकं होतं, झोप लागते. मग विचारलं, काय आवडत नाही? थांबून म्हणाले, "पोरगी वास घेती." १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मांडलेली संवादाची पद्धत अशीच आहे. बदलाची कारणं समुपदेशकाने सांगायची नाहीत, ती रुग्णाच्या तोंडून बाहेर यायला जागा करून द्यायची.

मनोविकारतज्ज्ञांनी तपासण्या केल्या. आधी दाखल करून दारू सुरक्षितपणे उतरवली, थायामिन हे जीवनसत्त्व दिलं. नंतर तिन्ही औषधं समजावून सांगितली. ओढ कमी करणारं नालट्रेक्सोन, मेंदूचा बिघडलेला तोल सावरणारं ॲकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिराम. संजयनी डायसल्फिराम निवडलं! वैशालीताई चमकल्या. ते म्हणाले, "ती घेतली की दिवसभर 'प्यावी का नको' हा इचारच संपतो." त्यांच्या यकृताचे अहवाल ठीक होते, म्हणून डॉक्टरांनीही मान्य केलं.

मुंबईचे अविनाश डिसूझा आणि ॲलन डिसूझा यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची आठवण मला तेव्हा झाली. घरच्यांची साथ असलेले शंभर पुरुष होते, निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नालट्रेक्सोन. वर्षअखेर डायसल्फिरामच्या गटातले ८६ टक्के दारूपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ४४ टक्के. ओढ मात्र नालट्रेक्सोनच्या गटात कमी होती. त्या अभ्यासात गोळी घरच्यांच्या देखरेखीखाली घेतली जायची. आकडे पाहून सगळ्यांनी डायसल्फिरामच मागावं असं नाही. ज्याचं यकृत खराब आहे किंवा ज्याला कमी करायची आहे पण पूर्ण थांबायची तयारी नाही, त्याच्यासाठी वेगळं ठरतं. सवय अजून अवलंबित्वापर्यंत गेली नसेल तर गोळीविनाही भागू शकतं. गोव्यात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांसोबत अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी थोडक्या बैठकांत समुपदेशन केलं आणि तीन महिन्यांनी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. नेहमीच्या सेवेतल्यांमध्ये ते प्रमाण २६ टक्के होतं.

संजयच्या घरी करार झाला. सकाळच्या चहाबरोबर गोळी वैशालीताई हातावर ठेवतील, ते त्यांच्यासमोर घेतील आणि कॅलेंडरवर स्वतः खूण करतील. त्या बदल्यात दिवसभर तोंडाचा वास घेणं नाही, खिसे तपासणं नाही. पहिले काही दिवस वैशालीताईंचा हात गोळी देताना थरथरायचा.

हंगाम संपला, रिकामे महिने आले आणि जत्रेत गडबड झाली. जत्रेआधी दोन आठवडे संजयनी "आता गरज नाही" म्हणून गोळी थांबवली आणि पाहुण्यांबरोबर प्यायले. वैशालीताईंचा फोन आला. "मॅडम, परत कालवू का? डोक्यात येतंय." मी म्हटलं, ते डोक्यात येणारच, पण उद्या त्यांना सांगा की मी गोळी द्यायला तयार आहे, तुम्ही विचारा. तिसऱ्या दिवशी संजय स्वतः डॉक्टरांकडे गेले. पुन्हा तपासण्या, पुन्हा करार. या खेपेला रिकाम्या महिन्यांसाठी त्यांनी मेव्हण्याच्या ट्रॅक्टरवर काम धरलं आणि बिनकामाच्या काळात डॉक्टरांच्या भेटी दुप्पट केल्या. अजून बरंच चालायचं आहे, ते दोघांनाही माहीत आहे.

तुमच्या घरात आज अशी गोळी किंवा पूड नकळत चालू असेल तर आजच थांबवा. शेवटच्या मात्रेनंतरही चौदा दिवसांपर्यंत दारूबरोबर त्रास होऊ शकतो, हे लक्षात ठेवा आणि या काळात त्यांना अंधारात ठेवू नका. एकट्याने सांगायची भीती वाटत असेल तर डॉक्टरांसमोर सांगा. त्रास झालाच तर दवाखान्यात पोहोचल्याबरोबर पट्टी किंवा पुडी डॉक्टरांच्या हातात द्या. कोण काय म्हणेल याचा विचार त्या वेळी नको. व्यसनाबद्दल विचारायला १४४४६ आणि मनाच्या त्रासाबद्दल १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही स्वतःसाठी फोन करू शकता.